केसाहून पातळ तेलावर दोन लाख फेरे

वाईहून पाचगणीला निघालं की पसरणी घाट लागतो. गाडी दुसऱ्या गिअरवर वळणं चढू लागते, इंजिनावर भार येतो, आणि काचा खाली असतील तर बोनेटखालून एक बारीक शिट्टी ऐकू येते. माझ्या डिझेल गाडीची ती शिट्टी माझ्या ओळखीची होती. एका उन्हाळ्यात ती बदलली. आवाज मोठा झाला, त्यात फुसफुस मिसळली, चढावर मागे काळा धूर दिसू लागला आणि पिकअप पार गेला. सिग्नलला थोडा वेळ थांबून निघालं की धुराचा लोट मात्र निळसर असायचा.

शहरातल्या एका गॅरेजात बोनेट उघडलं गेलं. रबरी पाइपावर तेल दिसलं आणि लगेच निकाल मिळाला: "टर्बो गेला. बदलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी वाईतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. हातभर लांबीचा एक पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या एका भागावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले.

"ताई, खोलायचं कधीही खोलता येतं," ते म्हणाले. "आधी ती काय म्हणतीय ते तर ऐकू."

त्या दुपारी मिस्त्रीकाका नेमकं काय ऐकत होते ते मला उमगायला बरेच दिवस लागले. उमगलं तेव्हा मात्र मी थक्क झाले. गाडीतलं तेल आणि गाडीतला आवाज या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, अशी माझी समजूत होती. खरं तर आवाज ही बहुतेक वेळा तेलानेच सांगितलेली हकिगत असते.

वाया जाणाऱ्या धुराचं बळ

इंजिनात जाळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरमधून गरम वायूंच्या रूपाने निघून जाते. ही उधळपट्टी स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या अभियंत्याला सलत होती. बाहेर पडणाऱ्या वायूंच्या झोतात एक पंखा ठेवायचा, त्याच्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवायचा आणि त्याच्याकडून ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, या कल्पनेचं, म्हणजेच टर्बोचं, पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतलं. हवा जास्त भरली तर इंधनही जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच आकाराचं इंजिन जास्त जोर लावतं. कल्पना साधी होती, पण ती तोलून धरणारे धातू यायला वीस वर्षं जावी लागली. १९२०च्या दशकात दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो जोडले गेले आणि त्यांची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली.

दरम्यान १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं एक इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेलं. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन शिखरावरच्या विरळ हवेत २३० वर घसरलं. टर्बो जोडल्यावर त्याने तिथेच ३५६ अश्वशक्ती दिली. पाचगणीची उंची त्या शिखराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, जेमतेम तेराशे मीटर. तरी तिथली हवाही समुद्रकाठच्या हवेपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी विरळ असते. पसरणीच्या चढावर वाजणारी शिट्टी म्हणजे ही तूट भरून काढणाऱ्या पंख्याचा आवाज.

हे यंत्र आता आपल्या घरचंच झालं आहे. पुण्याजवळ रांजणगावात बनलेलं १,२४८ घनसेंटिमीटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून कितीतरी मराठी घरांच्या दारात आलं. त्यातल्या प्रत्येकात एक टर्बो फिरत होता. आता तर एक लिटरच्या छोट्या पेट्रोल इंजिनांतही तो असतो.

खसखशीचा दाणा

छोट्या गाडीचा टर्बो तळहातावर मावेल एवढा असतो. भर जोरात असताना त्याचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. स्वयंपाकघरातला मिक्सर साधारण वीस हजार फेऱ्यांवर कानठळ्या बसवतो. हे त्याच्या दहापट झालं. सेकंदाला तीन हजार तीनशे फेरे! पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग लागतो असं धरलं, तर तेवढ्यात तीनशेहून जास्त.

हवेकडच्या पंख्याचा व्यास चार सेंटिमीटर धरला, तर त्याची कड सेकंदाला चारशे मीटरहून जास्त वेगाने धावत असते. ध्वनीचा हवेतला वेग आहे सुमारे ३४० मीटर. म्हणजे आपण घाटात ताशी तीस किलोमीटरने रांगत असलो, तरी बोनेटखाली काहीतरी ध्वनीच्या पुढे धावत असतं.

आता त्या कडेवर एक मिलिग्रॅम वजन जास्तीचं आहे अशी कल्पना करा. खसखशीचे दोन-तीन दाणे. दोन लाख फेऱ्यांना तेवढं वजन शाफ्टला बाहेरच्या बाजूला जवळजवळ एक किलोच्या जोराने ओढतं, आणि ती ओढ सेकंदाला तीन हजार तीनशे वेळा दिशा बदलत फिरते. म्हणूनच कारखान्यात प्रत्येक पंखा तोलताना धातूचा कण न् कण घासून काढतात. पंख्याच्या मधल्या नटावर बारीक खरवडल्याच्या खुणा दिसल्या, तर त्या या तोलाच्या असतात.

याच शाफ्टचं एक टोक डिझेल गाडीत आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पेट्रोल गाडीत त्याहूनही तापलेल्या वायूंत असतं, तर दुसरं बाहेरच्या ताज्या हवेत. दोन्ही पंख्यांमध्ये बोटाच्या दोन-तीन पेरांचं अंतर. आणि हा सगळा खेळ तोलून धरायला मध्ये असतं काय? बहुतेक टर्बोंमध्ये बॉल बेअरिंग नसतं. असतं ते तेल.

लाकडी बूच आणि तरंगणारा शाफ्ट

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हे अभियंते रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर यंत्र सुरू होताच तेल त्या भोकातूनच वर येऊ लागलं. त्यांनी लाकडी बूच ठोकलं, तेही हळूहळू बाहेर ढकललं गेलं. दाब मोजल्यावर कळलं की फिरणारा दांडा स्वतःच तेलाला आपल्याखालच्या चिंचोळ्या फटीत ओढून घेतो, आणि तिथे इतका दाब तयार होतो की वरचा सगळा भार तेलावर उचलला जातो. तीनच वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी यामागचं गणित मांडलं.

टर्बोचा शाफ्ट याच तत्त्वावर जगतो. तो पितळेसारख्या धातूच्या बुशात बसतो, पण बुशाला टेकत नाही. मध्ये केसाहून पातळ असा तेलाचा थर असतो. बुशाच्या बाहेरूनही असाच दुसरा थर असतो, आणि दोन थरांमध्ये तो बुशही शाफ्टपेक्षा कमी वेगाने फिरत राहतो. धातूला धातू लागत नाही. लागला, तर काही सेकंदांत खेळ संपतो.

तेल इथे आणखी एक कामही करतं. शाफ्टमधून येणारी उष्णता ते वाहून नेतं. त्यासाठी ते सतत ताजं येत राहावं लागतं आणि सतत निघून जावं लागतं. टर्बोकडे पाहिलंत तर वरून येणारी तेलाची नळी पेन्सिलीसारखी बारीक असते आणि खालून जाणारी अंगठ्याएवढी जाड. येणारं तेल पंपाच्या दाबाने येतं. जाणारं मात्र हवेत घुसळून फेसाळलेलं असतं आणि केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. त्याला ढकलणारं कोणी नाही.

या जाड नळीतच बहुतेक गैरसमजांचं मूळ आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना तेल अडवायला रबरी सील नसतात. त्या उष्णतेत आणि त्या वेगात रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टनच्या रिंगांसारख्या इवल्याशा रिंगा असतात. पंख्यांकडचा वायूचा दाब आतल्या दाबापेक्षा जास्त असतो, म्हणून तेल आत राहतं, आणि रिंगा त्याला साथ देतात. खालची वाट तुंबली की तेल टर्बोतच साचतं आणि मिळेल त्या बाजूने बाहेर पडतं. तेल टर्बोतून गळतं, पण दोष टर्बोत असेलच असं नाही.

वाट तुंबण्याचं कारण कधी नळीत जमलेला गाळ, कधी नको तिथे बाहेर आलेलं गॅस्केट, कधी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर ओतलेलं ऑइल. सगळ्यात चकवणारं कारण असतं इंजिनाच्या पोटातला दाब. पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून थोडा वायू नेहमीच खाली झिरपतो. तो बाहेर काढायला ब्रीदर असतो. ब्रीदर गाळाने भरला की पोटातला दाब वाढतो आणि टर्बोतून उतरणाऱ्या तेलाला खालूनच अडवतो. उलट बाजूने, एअर फिल्टर धुळीने बंद झाला तर हवेकडचा पंखा ओढ घेतो आणि सीलमधून तेल शोषून काढतो. दोन्ही वेळा आळ येतो टर्बोवर.

धुराचा रंग आणि वेळ

"धूर कोणता?" हा प्रश्न सगळे विचारतात. काकांनी मला त्याच्या जोडीला "कधी?" हा प्रश्न शिकवला.

काळा धूर म्हणजे इंधनाला हवा कमी पडते. पांढरा, रेंगाळणारा आणि गोडसर वासाचा धूर असेल तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे तेल. पण तेल कुठून आलं ते वेळ सांगते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना निळा लोट आला आणि लगेच गेला, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभर तेल झिरपलेलं असतं. चढावर, भाराखाली सतत निळा धूर येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर जातो. पेट्रोल गाडी लांब उतारावर इंजिन-ब्रेकवर आणली आणि मग अॅक्सिलरेटर दाबताच निळा लोट आला, तर पुन्हा व्हॉल्व्हच्या सीलकडे पाहायचं. आणि बराच वेळ आयडलिंगवर थांबल्यावर निळा धूर येत असेल, तर टर्बोच्या बाजूला पाहायचं, कारण त्या वेळी पंख्यांकडचा वायूचा दाब अगदी कमी असतो आणि तेलाला आत धरून ठेवणारा आधारच सैल पडतो. माझ्या गाडीचा निळा धूर सिग्नलनंतर येत होता, तो यामुळे.

डिपस्टिकही फक्त "कमी की जास्त" एवढंच सांगत नाही. अलीकडच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तेल आपोआप वाढलेलं दिसू शकतं. धुरातली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन जादा इंधन सोडतं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ती प्रक्रिया अर्धवट राहिली की ते डिझेल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. वाढलेलं ऑइल म्हणजे पातळ झालेलं ऑइल, आणि पातळ तेल शाफ्टला नीट तोलू शकत नाही. डॅशबोर्डवरचा झारीच्या आकाराचा लाल दिवा मात्र तेलाची पातळी सांगतच नाही, तो दाब सांगतो. तो लागला की पुढच्या पंपापर्यंत जाऊ असं म्हणायचं नसतं. त्याच जागी इंजिन बंद करायचं.

एक प्रकार दुर्मीळ, पण माहीत असावा असा आहे. डिझेल इंजिनात टर्बोतून फार तेल गेलं, तर इंजिन तेच तेल इंधन म्हणून जाळू लागतं आणि किल्ली काढली तरी थांबत नाही, उलट वेग वाढवत जातं. हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं. वंगणाचंच इंधन होतं, हे वाचायला अद्भुत वाटतं. प्रत्यक्षात ते भयंकर असतं.

लय, पट्टी आणि पेचकस

आता आवाजाकडे येऊ. इथे निसर्गाने आपल्याला एक अनपेक्षित देणगी दिली आहे. माणसाचा कान दोन हजार ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. दोन लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या शाफ्टचा तोल बिघडला, तर तो दर फेऱ्याला एकदा हिसका देतो, म्हणजे सुमारे ३,३०० हर्ट्झचा स्वर काढतो. टर्बोचा बिघाड नेमका तिथेच वाजतो, जिथे आपला कान सर्वांत जागा असतो.

निरोगी टर्बोची शिट्टी बारीक असते आणि भाराबरोबर चढते-उतरते. ती सायरनसारखी मोठी, घुमणारी झाली, तर पंख्याचा तोल गेलेला असतो किंवा तो आजूबाजूच्या कवचाला घासतोय. आणखी एक आवाज मला फार मोहवतो. काही टर्बोंमध्ये एक स्वर असा असतो, की वेग बदलला तरी त्याची पट्टी जवळजवळ बदलत नाही. अभियंते त्याला ‘कॉन्स्टंट टोन’ म्हणतात. तो धातूचा नसतो. तो बुशाभोवतीच्या तेलाच्या थरात उठणाऱ्या भोवऱ्याचा असतो. गायकाच्या ताना वरखाली जाव्यात आणि मागे तानपुरा एकाच पट्टीत घुमत राहावा, तसं तिथे तेल स्वतः घुमत असतं.

बाकीचे आवाज लयीवरून ओळखता येतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. कॅमशाफ्ट ठाय लयीत असेल तर क्रँकशाफ्ट त्याच्या दुगुनीत. "टॅपेट वाजतंय" म्हणतात ती हलकी टिकटिक ठाय लयीची असते आणि इंजिनाच्या माथ्यावरून येते. खालून, जड, दुगुनीत आणि भाराबरोबर वाढणारी ठोक असेल तर रॉडचं बेअरिंग वाजतंय. तेव्हा गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये. थंड इंजिनात टकटक येते आणि गरम झाल्यावर विरते, तेव्हा बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असतं. तापून धातू फुगला की फट आपोआप मिटते. सकाळी सुरू करताना एक-दोन सेकंद चेन खडखडते, कारण तिला ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबाची वाट पाहत असतो.

यातल्या कितीतरी आवाजांच्या मुळाशी तेलच आहे. चेनला ताण देणारं तेल, अनेक इंजिनांत टॅपेटला उचलून धरणारंही तेलच, रॉडला झेलणारं तेल आणि शाफ्टला तरंगवणारं तेल. पातळ थर जागेवर असतो तेव्हा इंजिन गुणगुणतं. थर तुटतो तिथे धातू बोलू लागतो. काकांच्या पेचकसातून त्यांच्या कानाच्या हाडापर्यंत पोचत होता तो या थराचा निरोप.

त्या दुपारचा निकाल

टर्बोवर पेचकस टेकवून काकांनी मान हलवली: घासल्याचा आवाज नाही. मग त्यांनी इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायचं झाकण काढलं आणि भोकावर नुसतं उलटं ठेवलं. झाकण थडथड नाचू लागलं. पोटात दाब होता. ब्रीदरचा ऑइल सेपरेटर उघडला, तर तो काळ्या गाळाने गच्च.

पुढे त्यांनी बादलीत साबणाचं पाणी केलं, फडक्याने टर्बोतली दाबलेली हवा नेणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपांवर लावलं आणि मला अॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. एका क्लॅम्पच्या खालच्या बाजूला, डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी बुडबुडे उठले. रबरी पाइपला चीर गेली होती. फुसफुस तिची, चढावरचा काळा धूर तिचा आणि पाइपावर पसरलेलं तेलही तिच्यातून फवारलेलं. ब्रीदरची वाफ हवेच्या वाटेतच सोडलेली असते, त्यामुळे त्या पाइपांच्या आत तेलाचा पातळ थर असणं रीतसरच आहे.

शेवटी इंजिन थंड झाल्यावर हवेकडचा पाइप काढून त्यांनी माझी दोन बोटं शाफ्टच्या टोकावर ठेवली. "हलवा." आडवा किंचित हलला. आत ओढायचा, बाहेर खेचायचा प्रयत्न केला, तर जागचा हलेना. "आडवा हलणारच, तेलाची जागा आहे ती. आतबाहेर हलला असता तर मीच म्हणालो असतो, बदला म्हणून." पंख्याच्या पात्यांवर ओरखडा नव्हता. टर्बो शाबूत होता. एक पाइप बदलला, सेपरेटर साफ झाला, ऑइल आणि फिल्टर नवे पडले. निळा धूरही थांबला आणि काळाही.

निघताना काकांनी एकच गोष्ट बजावली. "घाट चढून आलात की लगेच किल्ली फिरवू नका. मिनिटभर चालू राहू द्या." तेव्हा मी ती जुन्या माणसाची सवय समजले. आता कारण माहीत आहे. इंजिन बंद होताच तेलाचा पंप थांबतो, पण शाफ्ट काही क्षण आपल्याच वेगाने फिरत राहतो आणि लाल तापलेल्या बाजूची उष्णता त्याच्यातून बेअरिंगकडे सरकत असते. जागच्या जागी अडकलेलं तेल तिथे भाजून कोळशासारखं कडक होतं. पुढे तोच कोळसा पेन्सिलीएवढ्या नळीची वाट अडवतो. वेळेवर न बदललेलं, मळलेलं ऑइल हेच काम आणखी लवकर करतं.

आता पाचगणीला पोचल्यावर मी टेबललँडच्या पायथ्याशी गाडी उभी करते आणि किल्लीवर हात ठेवून मिनिटभर बसून राहते. सोबतचे उतरून पुढे गेलेले असतात. शिट्टी केव्हाच विरलेली असते, इंजिन हळू आवाजात चालू असतं. तेवढ्या वेळात केसाहून पातळ एक थर घाटभर साठलेली उष्णता थेंबाथेंबाने खाली उतरवत असतो. त्याचं काम आटोपलं की मी किल्ली फिरवते.